फोटोत पोहणारी ताई

नोव्हाय, मिशिगन
२२ एप्रिल २००७

प्रिय पुरू,

हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. फोनवर तुला काही सांगायला जावं तर तू मीटिंगमध्ये असतोस, रविवारीसुद्धा. ई-मेल तू वरची ओळ वाचून बंद करतोस. तुझ्या भावोजींनी, नरेंद्रनं, मागच्या महिन्यात व्हिएतनामहून एवढी लांबलचक हकीकत लिहून पाठवली, आणि तुझं उत्तर काय, तर ताई, फोटो बघितला, तू पोहलीस, कमाल केलीस. संपलं. म्हणून आज पेन घेऊन बसले आहे. बाहेर एप्रिल संपत आला तरी बर्फाची भुरभुर चालू आहे आणि तुझे भावोजी गराजमध्ये कसलंसं कपाट खोलून बसलेत, म्हणजे दोन तास मला कुणी हाक मारणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर तू शेवटच्या पानावर उडी मारशील. जुलैत तुमच्या ऑफिसात कसलं तरी मोठं रिलीज आहे, तुला पार्सिपनी सोडता येणार नाही, आणि अनयाला बोहल्यावर आणायला इथल्या मंडळातल्या एखाद्या काकांना उभं करा, असं तू फेब्रुवारीत म्हणालास. मी ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि मग इतकी चिडले की भाजी करपवली. एकुलती एक भाची, तिच्या लग्नात मामा नाही, आणि मंडळातले काका! भाड्याने मिळतात की काय मामा? पण ते झालं. आता मी तुला ये म्हणून गळ घालणार नाही. मी फक्त त्या दिवसाची हकीकत सांगणार आहे, नीट, क्रमाने, कारण त्या फोटोबद्दल तुझा गैरसमज झालाय आणि तो मी कुणाजवळच दूर केलेला नाही.

आम्ही व्हिएतनामला का गेलो ते तुला ठाऊक आहेच. आपल्या होणाऱ्या जावयाच्या, मिनच्या आजीला विमानाचा प्रवास झेपत नाही, तिला लग्नाआधी अनयाला बघायचं होतं. मिनची आई, लान, आता इतकी वर्षं ग्रँड रॅपिड्सला राहते, लग्नाचे गाऊन शिवून देते. ती तरुणपणी होडीतून देश सोडून निघाली, आणि तिचा धाकटा भाऊ तुआन आईला सांभाळायला मागे राहिला. तो न्हा ट्रँग नावाच्या समुद्रकाठच्या गावात पर्यटकांची बोट चालवतो. सकाळी देऊळ, मग बेटं, पाण्यात डोकं घालून मासे बघणं, जेवण, गाणी, येताना कोळ्यांची वस्ती, अशी त्याची एक दिवसाची सहल असते. गाईडही तोच, खलाशीही तोच. आजीनं अनयाला पसंत केलं (तिचे कान बघून, कानाच्या पाळ्या मोठ्या म्हणजे नशीबवान म्हणे), आणि दुसऱ्या दिवशी तुआननं आम्हाला बोटीवर बोलावलं. सोबत तीन-चार कोरियन जोडपी आणि उन्हानं लालबुंद झालेली काही ऑस्ट्रेलियन पोरं होती. तिकीट आम्हाला माफ होतं, पण नियम सगळ्यांना सारखे.

देऊळ बघून मात्र मी चाटच पडले. टेकडीवर विटांचे उंच मनोरे, हजारएक वर्षांपूर्वीचे. चाम नावाच्या लोकांनी बांधलेले, आणि ते शंकराला नि भगवतीला पुजणारे. आता तिथले लोक देवीला आपली आई म्हणून पुजतात. आत अंधार, उदबत्त्यांचा धूर, आणि रेशमी वस्त्रं नेसवलेली देवी, दहा हातांची. तुआन आपल्या तुटक इंग्रजीत सगळ्यांना सांगत होता की दर्यावर जाणाऱ्याला ही सांभाळते. माझ्या पर्समध्ये खण असतोच, तुला माहीत आहे, तुम्ही सगळे हसता त्याला. बाहेर नारळ मिळाला, तांदूळ मी हॉटेलातून मागून घेतलेले होते. म्हटलं, भगवती आहे ना, मग ओटी भरल्याशिवाय कशी जाऊ? तिथल्या म्हातारीनं तो खण हातात घेऊन काठ निरखला, बोटांनी चाचपला, आणि सरळ देवीच्या खांद्यावर घातला. नरेंद्र म्हणाला, व्हिसा नसताना इरकली खण व्हिएतनाममध्ये स्थायिक झाला. मी हात जोडले आणि एक मागणं मागितलं. अनयाच्या संसारासाठी नव्हतं, तिचं ती बघून घेईल.

आता फजिती ऐक. समुद्रात जायचं म्हणून मी पहाटे उठून डोक्याला खोबरेल थापलं होतं. खारं पाणी केसांत गेलं की केसांची सुतळी होते, आईनं आपल्याला गणपतीपुळ्याला नेलं तेव्हा तिनंही असंच केलेलं आठवतंय ना? अर्धी बाटली. शिवाय घट्ट वेणी. बोट त्या बेटापाशी थांबली, सगळ्यांना तोंडात धरायच्या श्वासाच्या नळ्या नि डोळ्यांवर लावायचे ते काचेचे मुखवटे वाटले, आणि माझा मुखवटा काही केल्या टिकेना. मागचा रबरी पट्टा तेलावरून घसरायचा, मुखवटा नाकावरून हनुवटीवर, हनुवटीवरून गळ्यात. तुआननं तीन वेगवेगळे लावून बघितले. नरेंद्रचंही तेच, पण कारण वेगळं. त्याच्या मिशीतून पाणी आत शिरत होतं, आणि मिशी काढायला तो तयार नव्हता, इंजिनिअरच तो, काचेच्या कडेला किती मिलिमीटर फट राहते यावर तुआनला व्याख्यान देत बसला. शेवटी त्यानं पाण्यात उतरायचंच नाही असं ठरवलं आणि कॅमेरा घेऊन वर बसला. माझं मात्र तुआननं सोडलं नाही. त्यानं गोड्या पाण्याची बादली आणली, स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून भांडी घासायचा साबण आणला, मला बाकावर वाकून बसवलं आणि सगळ्या कोरियन मंडळींसमोर माझं डोकं खसाखसा धुतलं. लग्नात विहिणीचे पाय धुतात हे ऐकलं होतं, डोकं धुतलेलं पहिल्यांदाच. अनया नि मिन हसून हसून खाली बसले. लान मात्र हसली नाही, ती भावाला काहीतरी सूचना देत होती, बहुधा कानामागे नीट धू म्हणून.

पाण्यात उतरायची वेळ आली आणि माझं सगळं अवसान गळालं. पुरू, तुला ते कळणार नाही. वाईला काकांच्या मळ्यातल्या विहिरीत त्र्यंबकमामानं तुझ्या पाठीला डबा बांधून तुला ढकललं होतं, तू दोन गटांगळ्या खाल्ल्यास आणि संध्याकाळपर्यंत बेडकासारखा पोहत होतास. मी काठावर तुमचे सदरे सांभाळत बसले होते. मुलींना कोण ढकलतंय! तेव्हापासून पाणी म्हटलं की मला काठच आठवतो. आता अठ्ठावन्न वर्षांची मी, पंजाबी ड्रेसवर नारिंगी जाकीट घालून शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी, आणि खाली काळंनिळं पाणी. माझे हात इतके लटपटत होते की शिडीचा दांडा खडखडत होता. मला लाज वाटली. भीतीची नाही, त्या खडखडण्याची, कारण तो सगळ्यांना ऐकू जात होता. वाटलं, डोकं दुखतंय म्हणून सांगावं आणि वर जाऊन बसावं. जिभेवर आलंच होतं. काहीतरी कारण सांगून वर जाऊन बसणं किती सोपं असतं रे.

तुआननं दोरी बांधलेलं एक गोल टायर पाण्यात टाकलं आणि मला खुणेनं सांगितलं की याला धर, मी ओढतो, तू फक्त खाली बघ. मी बघितलं. काय सांगू तुला! नळीतून स्वतःचाच श्वास घुं घुं ऐकू येतो आणि खाली एक सबंध गाव असतं. जांभळी झुडपं, पिवळे चपटे मासे, एक निळा मासा तर माझ्या काचेपर्यंत येऊन बघून गेला, नवीन भाडेकरू आलाय का बघायला यावं तसा. मी तोंडातली नळी न काढता हसले आणि पोटभर खारं पाणी प्यायले. किती वेळ गेला माहीत नाही. वर आले तेव्हा नरेंद्र बोटीवरून ओरडत होता की नीला पोहते आहे, नीला पोहते आहे, आणि फोटोवर फोटो काढत होता. तोच तो तुला आलेला फोटो. एक हात पुढे, पाणी फाकलंय, आजूबाजूला कुणी नाही. टायरसुद्धा नाही.

जेवायला दोन बोटी एकमेकींना बांधतात आणि मधे फळ्या टाकून टेबल करतात. त्या दिवशी पौर्णिमा होती, आणि लान पौर्णिमेला नि अमावास्येला मासे-मटण खात नाही, त्यामुळे आमच्या पानात वांगी, टोफू आणि पालेभाजी आली. तिच्या आईच्या घरी आपल्यासारखंच तिथी दाखवणारं कॅलेंडर भिंतीवर आहे. जेवण झालं की बोटीवरची पोरं प्लॅस्टिकची पिंपं उलटी घालून ढोल वाजवतात आणि प्रत्येक देशाच्या माणसाला गाणं म्हणायला लावतात. कोरियन मंडळी झकास गायली. इंडियाचा पुकारा झाला तेव्हा अनयानं बापाला पुढे ढकललं. नरेंद्रला एक गाणं धड येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यानं घसा खाकरला आणि चक्क मंगलाष्टक सुरू केलं! खड्या आवाजात, हात जोडून. सावधान आलं की ढोलवाले पिंप बडवायचे, अनयानं सगळ्यांच्या हातांत भाजलेले शेंगदाणे दिले आणि प्रत्येक सावधानला ते मिनच्या डोक्यावर पडायला लागले. तालीम झाली म्हण ना.

मग तुआननं विचारलं की हे काय होतं, आणि मिननं त्याला त्यांच्या भाषेत समजावलं. मधे पडदा धरतात, मुलाच्या मागे त्याचा मामा उभा राहतो, मुलीच्या मागे तिचा मामा, आणि मुलीला तिथपर्यंत मामाच आणतो. अंकल म्हटलं की त्यात कुणीही येतं. त्यांच्याकडे तसं नाही, आईच्या भावाला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, कौ. काका वेगळा, कौ वेगळा. तुआन ऐकून इतका खूश झाला की त्यानं तिथल्या तिथे सांगून टाकलं, मी येणार, मिनच्या मागे मी उभा राहणार. आयुष्यात त्यानं देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. लान रडायलाच लागली. आणि मग त्यानं हसत हसत अनयाला विचारलं की तुझा कौ कुठे आहे? अनया म्हणाली, न्यू जर्सीत. येणार ना? यावर ती शेंगदाण्याची सालं गोळा करत बसली. ढोलवाल्यांनी पुढचा देश पुकारला म्हणून सुटलो.

येताना कोळ्यांची तरंगती वस्ती बघितली. पाण्यावर लाकडी घरं, खाली जाळ्यांत मासे पाळलेले, आणि परडीसारख्या गोल होड्या, आतून-बाहेरून लिंपलेल्या. एक बाई ती परडी एका वल्ह्यानं गरगर न फिरवता सरळ नेत होती, मला ते अजून कळलेलं नाही. लान काही त्यात उतरली नाही. ती दिवसभर पाण्याला शिवली नव्हती. माझ्याजवळ बसून ती पपनस सोलत होती आणि मीठ-तिखट लावून मला फोडी देत होती. तिनं मला सांगितलं की ती निघाली तेव्हा तुआन किनाऱ्यावर उभा राहून बघत होता, नंतर कित्येक वर्षं दोघांनी एकमेकांना बघितलं नाही, आणि जेव्हा भेटले तेव्हा तिनं त्याला आवाजावरून ओळखलं. एवढंच सांगितलं, आणि पुढचं पपनस घेतलं. मला तू आठवलास. विमानानं दोन तासांवर असलेला भाऊ.

आता त्या फोटोचं. मी पोहले नाही, पुरू. टायर माझ्या हातून थोड्याच वेळात सुटलं होतं. पाण्याखाली दुसऱ्या एका हातानं माझं मनगट धरलेलं होतं, आणि मी खाली मासे बघत बसले म्हणून मला टायर सुटलेलं कळलंसुद्धा नाही. तो हात तुआनचा. नरेंद्रनं फोटो काढला त्या क्षणी मधे लाट आली, म्हणून तो फोटोत आलाच नाही. फोटो पुन्हा उघडून बघ. माझ्या उजव्या पंजाजवळ पाण्यातून एक काळी काडी वर आलेली दिसेल. ती त्याची नळी. बोटीवर चढल्यावर नरेंद्र सगळ्यांना सांगत सुटला की बायको एकटी पोहली, आणि तुआननं काय केलं, तर सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. मला म्हणाला, गुड स्विमिंग. आजतागायत त्यानं ते आपल्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. मी तुला सांगते आहे.

का, तर गेल्या गणपतीत तू आरतीचं ताट तुझ्या पोराच्या, वेदच्या हातात दिलंस. आयुष्यात कधी कुणाला दिलं नव्हतंस, लहानपणी माझ्या हातून हिसकावून घ्यायचास. तेव्हा माझं लक्ष गेलं. मग बघितलं, की चहा तू अर्धाच कप घेतोस, डावा हात खिशात असतो, आणि दिवाळीच्या कार्डावर अक्षर आश्लेषाचं होतं. अप्पांचंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं, बशीत कप वाजायचा, आठवतं? मी आश्लेषाला फोन करून सरळ विचारलं, पार्किन्सन्स का? तिनं एक शब्द सांगितला नाही, नुसती गप्प राहिली, बायकोवर चिडू नकोस. अप्पांनी काय केलं ते आपण दोघांनी बघितलंय. आधी लग्नांना जाणं सोडलं, मग देवळात जाणं, मग ओट्यावर बसणं. तुझ्या लग्नात स्वतःच्या मुलाच्या मुंजीचे किस्से सांगायचं सोडून मागच्या रांगेत हातांवर शाल टाकून बसले होते. लोक काय म्हणतील म्हणून. लोक काही म्हणाले नाहीत रे, लोक हळूहळू त्यांना बोलवायचे थांबले. तू तसा घरात बसलेला मला चालणार नाही, सांगून ठेवते. त्या देवीपुढे मी तेवढंच मागितलं.

आपल्यात मामा भाचीला उचलून आणतो, आणि अनया पाच वर्षांची असताना तू तिला शब्द दिला होतास, हे तुझ्या मनात आहे, मला माहीत आहे. उचलायचं नाही. त्र्यंबकमामानं मला उचललं तेव्हा त्याला अशी धाप लागली होती की भटजींनी आधी त्याला पाणी दिलं. तुझी भाची चालत येईल. तिला मी काही सांगितलं नव्हतं, परवा तिनंच मला विचारलं, मामाला डॉक्टरनं कुठलं औषध दिलंय. दिवसभर हॉस्पिटलात असेच हात धरून माणसांना चालवते ती, तिच्यापासून काय लपणार? तिनं सगळं ठरवून ठेवलंय. गौरीहरापासून बोहल्यापर्यंत तू तिच्या उजव्या बाजूला चालायचंस, आणि शालूच्या पदराखाली तिनं तुझं मनगट धरलेलं असेल, घट्ट. लोकांना दिसेल ते एवढंच, की मामा भाचीला घेऊन येतोय. नरेंद्र फोटो काढेल आणि सगळ्यांना पाठवेल. मी कुणाला काही सांगणार नाही.

तुझीच, अजूनही पोहता न येणारी,
ताई